छत्तीस पुडे

बावीस उन्हाळे येरमटोल्याच्या तेंदू फडीवर मी मुन्शी.
हाताशी येईल तो पुडा उचलायचो,
वाकाची गाठ सोडून पानं मोजायचो.
सत्तर भरली तर ठीक.
एकसष्ट निघाली
की त्या घराचा अख्खा शेकडाच कापायचो,
लाल शाईनं.

यंदा जयवंता कोवेची नात
कॉलेजातून सुटीवर आलेली.
"मुन्शीजी, एका पुड्यावरून
साऱ्या घराले काऊन तोलता?"

ओढणीच्या टोकात चिंचोके, नंबर टाकलेले,
त्यांच्या घरच्या पुड्यांइतके.
डोळे मिटून तिनं छत्तीस काढले.
ज्याचा नंबर निघेल तो पुडा,
मग तो तळाचा असो, करपलेला असो,
की धाकट्या भावानं खेळता खेळता बांधलेला.

अठ्ठावन्न. सत्याहत्तर. सत्तर. त्रेसष्ट.
म्हातारीचे नेमके, पोराचे कुठंच्या कुठं.
"याले काही आकारच नाही," मी म्हणालो.
"नसू द्या. सुट्या पुड्याचं मी बोलतच नाही,
सरासरीचं सांगून राहिली."

धुळीत बोटानं मांडलं तिनं:
एक पुडा सत्तरपासून साधारण सहानं हलतो.
छत्तीसांची सरासरी हलते
सहा भागिले छत्तीसचं वर्गमूळ,
म्हणजे एकानंच.
कोणाचं जास्तीचं पान
कोणाचं कमीचं पान पोटात घेतं.
असे छत्तीस पुन्हा पुन्हा काढत गेलं
तर सरासऱ्यांचा ढीग
मधे उंच, दोन्ही अंगांनी उतरता,
खळ्यावरच्या धानाच्या राशीसारखा,
पुडे कसेही वेडेवाकडे असोत.

एकूण पानं दोन हजार पाचशे दोन.
सरासरी साडेएकोणसत्तर.
"घर सत्तराचं खरं असलं तरी
शंभरात एकतीस वेळा इतकी, नाहीतर याहून कमी येते.
अडुसष्टच्या खाली गेली असती
तर शंभरात दोनदाच.
तेव्हा घ्या संशय."

"अन् ते दोन?
खरे असून कापले जातील ते?"

ती बराच वेळ चिंचोके वेचत राहिली.
"शून्य नाही होत, मुन्शीजी.
म्हणून कापायच्या आधी
दुसऱ्यांदा काढायचे."

रात्री जुन्या वह्या उघडल्या.
लाल ओळी पुष्कळ.
प्रत्येक ओळीपुढं पानांचा आकडा
एकच.

सकाळी फडी भरायच्या आधी
मी चिंचेखाली वाकून
काहीतरी शोधत होतो.