नोंद : पाण्याची टाकी

घरफाळ्याच्या नोंदवहीत ती 'पाण्याची टाकी' आहे.
मी फीत धरली तेव्हा टाकीला निळ्या फरशा होत्या,
उतरायला स्टीलची शिडी,
काठावर कुणाचा तरी ओला टॉवेल.
बळवंत मगदूम, आमचा शिपाई, फितीचं दुसरं टोक धरून म्हणाला,
"मॅडम, हितलं पाणी पितंय कोण ओ?"
मी म्हणाले, आकडा सांग.
बारा मीटर गुणिले पाच.

ताराबाई पार्क, सकाळचे अकरा.
मालक सज्जन. खरंच सज्जन,
बळवंतालाही खुर्ची दिली, कपबशीतनं चहा दिला.
म्हणाले, "फाळा कशाला वाढवताय ताई?
शाळेला आम्ही देतोयच की.
तुमच्या सोळा नंबरला पंखे दिल्यात वडिलांच्या नावानं.
फोटो दाखवू?"

फोटोची गरज नव्हती.
सोळा नंबरच्या बालवाडीत माझी पोरगी बसते.
पंख्याला तीन पाती :
एकावर 'कै.', एकावर 'दौलतराव',
एकावर 'यांच्या स्मरणार्थ'.
पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही.
नाव वाचता आलं की समजायचं, बिल थकलंय.
मार्चपासून आम्ही ते रोज वाचतोय.
पोरं 'द' त्याच्यावरनंच शिकली.
दगडाचा नाही, दप्तराचा नाही,
द दौलतरावांचा.

एक वाजता बालवाडी सुटते.
यल्लव्वा सुटते पाचला.
ती उद्यमनगरात कोअर करते, याच मालकांच्या फौंड्रीत.
मधले चार तास कुठल्याच वहीत नाहीत.
आक्काताई हेरवाडे, सेविका,
तिच्या मुत्तूला बोटाला धरून गेटपर्यंत पोचवतात.
हे त्यांच्या कामात बसत नाही, पगारात तर नाहीच.
गेटबाहेर जळक्या वाळूचा काळा ढीग.
मुत्तू त्याच्यावर बसून बोटानं द काढतो,
पुसतो,
परत काढतो.

या गावात एकेकाळी
पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होता,
महिन्याला एक रुपया. राजाचा हुकूम.
माझ्या पणज्यानं दोनदा भरला म्हणे, शिव्या देत,
तिसऱ्या महिन्यात आजोबांना काखोटीला मारून शाळेत टाकलं.
म्हणून आज माझ्या हातात ही फीत आहे.
आता पोर वेळेवर हजर असतं.
शाळाच एक वाजता पळून जाते.
आता दंड कुणाला लावायचा?

हे मी मालकांना बोलले नाही.
चहा चांगला होता, आणि मी नोकरीत आहे.
एवढंच म्हणाले, साहेब, पंख्यावर नाव लागतं.
फाळ्याला नाव लागत नाही.
पावती तुमच्याच कपाटात राहते,
पोरांना नुसता वारा लागतो.
ते हसले. "नाव नको तर द्यायचं कशाला?"
चेष्टेनं म्हणाले असतील.

रात्री हिशेब मांडला, पोरीच्या पाटीवर.
टाकीचा तलाव केला तर वर्षाला फरक
एकसष्ट हजार चारशे.
त्यात एक मदतनीस बसते, दुपारचे चार तास,
आणि पंख्याचं बिल.
खाऊला कमी पडतात.
मग शेजारचा बंगला आहे,
त्यालाही टाकीच आहे.
साहेब सही करतील की नाही, सांगता येत नाही.
मागच्या वेळी तलाव वर गेला
आणि खाली येताना परत टाकी झाला.
पोरीनं सकाळी हिशेब पुसला,
तिला मांजर काढायचं होतं.

पण त्या दिवशी, निघता निघता,
बळवंतानं विचारलं, "मॅडम, खोली किती लिहू?"
मी म्हणाले, उतरून बघ की.
त्यानं चपला काढल्या, पँट दुमडली,
मग शिडीवरनं नुसती फीतच खाली सोडली.
चार फूट.
मी लिहिलं, चार फूट.
मुत्तू अजून सव्वातीनच भरतो.