द्विवचन

तो शब्द दोनदाच येतो,
दोन्ही वेळा एकाच लढाईत, एकाच धिप्पाड माणसासाठी.
पुढे कुणालाच दिलेला नाही.
ईश हाबेनायिम.
कोशाच्या कचेरीत ते कार्ड माझ्या टेबलावर आलं
तेव्हा निवृत्तीला सतरा दिवस उरले होते.

नेहोराय म्हणाला, तीर्झा, यात काय एवढं,
लिही 'वीर', आणि चहाला चल.

कार्डावर आधीच्यांची अक्षरं होती.
एकानं लिहिलेलं: दोन सैन्यांमधून पुढे आलेला.
एकानं: साधा पायदळातला.
एका जुन्या भाषांतरकारानं तर त्याला
बाप ठाऊक नसलेला करून टाकलं होतं.
दोघांमधला, म्हणजे कुणाचाच नाही, असा हिशेब.
हे वाचून त्याच्या आईला काय वाटलं असतं,
असं मी समासात पेन्सिलीनं लिहिलं
आणि खोडून टाकलं.

माझं अडलं होतं शेपटाशी.
'बेन' म्हणजे मध्ये, ते ठीक.
'आयिम' लागतं जोडीनं असणाऱ्यांना:
डोळे, कान, गुडघे, चपला,
जात्याचे दोन दगड.
दरी तर एकच होती.
या टेकडीवर हे, त्या टेकडीवर ते,
तळाशी एक ओढा.
मग 'मध्ये' दोन कसे?

शुक्रवारी बसनं खाली गेले, एलाच्या दरीत.
कोरड्या ओढ्यात पर्यटक गोटे वेचत होते,
खिसे फुगलेले.
ड्रायव्हर ओवादिया म्हणाला, दर वसंतात
सरकार ट्रकभर नवे आणून ओततं,
नाहीतर केव्हाच संपले असते.
खरं-खोटं तोच जाणे.
मी गोटा घेतला नाही.
गव्हाच्या शेतात शिरले, अदमासानं अर्ध्यावर,
आणि उभी राहिले.

आणि आठवला काटामोनीममधला बोळ.
दोन खोल्या, मध्ये सात फरश्या.
मी आठ वर्षांची.
आई बसऱ्याची, बाबा विल्नाचे,
कशावरून तरी अबोला धरला
तो पुरीमपासून सुक्कोतपर्यंत पुरला.
सांग त्याला, कुब्बे निवतायत.
सांग तिला, भूक नाही.
मी तिची अरबी इकडे आणायची, त्यांची यिद्दिश तिकडे,
आणि वाटेत जरा मऊ करायची.
'भूक नाही'चं 'थोड्या वेळानं'.
चौथ्या फरशीवर थांबायची.
तिथून दोन्ही दारं सारखीच लांब.

कुणीच मध्ये नसतं तेव्हा अंतर एक असतं.
कुणी जाऊन उभं राहिलं
की त्याची दोन होतात:
एक समोरचं, एक पाठीमागचं.
समोरचं सगळ्यांना दिसतं.
पाठीमागचं फक्त त्याला,
आणि त्यालाही वळून बघायची सोय नसते.

चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, तो उतरून आला.
ज्यांनी धाडलं ते वर तंबूंपाशीच राहिले.
रात्री परतल्यावर त्याच्या पानात कुणी काय वाढलं,
ओरडून ओरडून घसा बसला का, असं कुणी विचारलं का,
हे लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही.
चिलखताचं वजन मात्र चोख नोंदलंय.
आणि ढाल धरून त्याच्याही पुढे चालणारा,
तो मध्याच्याही मध्ये असलेला पोरगा,
त्याला तर साधं नावही नाही.

सोमवारी मी कार्ड भरलं:
ज्याच्या दोन्ही बाजूंना अंतर आहे असा माणूस.
संपादकांनी ते कापून 'द्वंद्वयोद्धा' केलं.
बरोबरच केलं. कोश आहे तो.

त्या सुक्कोतला मांडवात शेंदऱ्या डाळिंबांखाली
आईबाबा आपसात बोलायला लागले,
मीठ दे, एवढंच काहीतरी.
मला कुणी सांगितलंच नाही.
मी आत, चौथ्या फरशीवर,
एक निरोप तोंडात धरून उभी.