नाव घालायचंय

भांडी बाजारात आमचं दुकान म्हणजे
एक टेबल, एक स्टूल आणि नाव घालायचं मशीन.
त्याची टरटर थांबली की समोरचे कासार समजतात,
अण्णा जेवायला बसले.

वहीत मात्र सावळागोंधळ. कुणाची परात,
कितीला ठरली, कधी न्यायची,
सगळं अण्णांच्या तिरक्या अक्षरात, वर तेलाचा डाग.
मी म्हटलं, जावात करून देते.
गंगापूर रोडच्या क्लासला तेव्हा दोनच महिने झाले होते.

आधी तीन रांगा केल्या.
एकीत नावं, एकीत भांडी, एकीत पैसे.
सुलोचना खैरनार हंडा घेऊन गेल्या,
म्हणून नुसतं नाव काढलं त्यांचं,
तर खालच्या सगळ्या जणी एकेक पायरी वर सरकल्या
आणि हंडा आला शेवंता गांगुर्डेंच्या कडेवर.
त्या बिचारीने सहा पेले दिले होते.
बोरस्ते सर हसले नाहीत. म्हणाले,
बाईला तिच्या भांड्यापासून तोडू नकोस,
नाव, भांडं, पैसे, सगळं एका पदरात बांध.

बांधलं. गिऱ्हाईक नावाचा क्लास लिहिला.
लूपच्या आधी एकदा न्यू म्हटलं,
मग चाळीस वेळा नाव भरलं,
चाळीस वेळा लिस्टमध्ये टाकलं.
रात्री साडेअकराला रन केलं.

इंदुमती आहेर, पितळी डबा, साठ रुपये.
इंदुमती आहेर, पितळी डबा, साठ रुपये.
इंदुमती आहेर, पितळी डबा
खाली, आणखी खाली,
रविवार कारंजापर्यंत रांग लागावी तशा
चाळीस इंदुमती.
लिस्ट मोजली. चाळीस. बरोबर, म्हणे.
कुठे लाल रेघ नाही, कुठे तक्रार नाही.

अण्णा पाणी प्यायला उठलेले, चष्म्याशिवाय.
स्क्रीनला नाक लावून बघत राहिले.
"या बाईंनी चाळीस डबे कधी दिले?"
नाही हो, एकच डबा.
"मग बाकीच्यांची भांडी?"
मी गप्प.
तांब्या पालथा घालून ते वळले,
झोपेतच बोलल्यासारखं म्हणाले,
जुन्या पातेल्यावर नवं नाव मागतात लोक.
कानस मारून घालतो मी.
पण आधीचं जातं, हे सांगून घालतो.

माझं भांडं एकच होतं.
त्यावर शेवंताला खरवडून मुमताज अत्तार,
मुमताजला खरवडून लीलावती बागूल,
शेवटी इंदुमती, कारण तिच्यानंतर कुणी आलं नाही.
आणि लिस्टच्या चाळीस खणांत भांडी नव्हतीच.
चाळीस बोटं होती,
त्या एकाच पातेल्याकडे रोखलेली.

न्यूची ओळ उचलली, लूपच्या कंसाआत ठेवली.
दोन ओळी खाली, बस.
शेवंताबाई आल्या, सहाही पेले घेऊन.
मुमताजची परात आली. लीलावतींचे फुलपात्र.
मी उगाचच एकेकीचं नाव हळू आवाजात वाचलं,
पलीकडे घोरणं चालू होतं.

सर म्हणतात, ज्याच्याकडे एकही बोट उरलं नाही
ते जावा आपोआप उचलून नेते.
कुठे, ते सांगत नाहीत.
आमच्या शेजारी मोडीचं पोतं उतरतं तेव्हा
अण्णा मशीन थांबवून जातात,
काट्यावर चढण्याआधी एखादी घागर फिरवून
मोठ्याने वाचतात:
चि. सौ. कां. यमुना हिस, मामाकडून, ता. ५-५-६८.
कुणी ओ देत नाही. मग वजन होतं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये अजून एक भोक आहे.
फाइलमध्ये लिहायचं पुढच्या महिन्यात शिकवणार,
तोवर खिडकी बंद केली की चाळीसही जणी जातात.
अण्णांना हे सांगितलेलं नाही.
वही मी फेकू दिली नाही एवढंच त्यांना दिसलं,
आणि त्यांनी ती, डागावर कागद चिकटवून,
पुन्हा मशीनशेजारी ठेवली.