खळं

जयंती नाला पंचगंगेला मिळतो तिथं
पहाटे साडेपाचला बाटली बुडवायची.
तोंड प्रवाहाकडे. झाकणाला बोट लागता कामा नये.
पाणी कोमट लागतं,
कुणाच्या तरी मोरीतून आत्ताच निघाल्यासारखं.

पलीकडे दस्तगीर म्हशी धुतोय.
"काय घावतंय का मॅडम?"
"बघू की."
गेल्या महिन्यात एकीची कास सुजली होती.
तीन सुया सांगितलेल्या, दोन मारल्या.
"धार सुटली, मग तिसरी कशाला?"
मी काही बोलले नाही.
तो शेपटीवरचा शेवाळ काढत राहिला.

आमच्या शिरोळात म्हणायचे,
चंद्राला खळं पडलं की बघावं, लांब आहे की जवळ.
मी ताटलीत बघते.
पिवळसर जेलीवर दाट साय आलेली,
तीवर सहा चकत्या, शर्टाच्या बटणापेक्षा लहान,
प्रत्येकीत एकेक औषध.
औषध चालत असेल
तर भोवती स्वच्छ गोल पडतो,
पट्टी लावून मोजायचा, मिलिमीटरमध्ये.
गोल पडलाच नाही तर शून्य लिहायचं नसतं.
चकतीचीच रुंदी लिहायची: सहा.

सहा. सहा. सहा. चौदा. सहा. सहा.

संध्याकाळी वॉर्डातून दुसरी ताटली आली,
रत्नाक्का मगदूम, वय एकसष्ट,
अकरा दिवस ताप उतरत नाही.
पट्टी लावली.
सहा. सहा. सहा. चौदा. सहा. सहा.
दोन्ही ताटल्या शेजारी ठेवल्या,
मग लांब ठेवल्या.
एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही,
आणि फॉर्मवर त्याला रकाना नाही.

घर बदललं तेव्हा
फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात सापडली होती एक पट्टी,
पाचातल्या तीन घेतलेल्या,
दोन उरलेल्या. माझ्याच.
घसा बरा झाला होता.
बेसिनमध्ये टाकून नळ सोडला.
मी, मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी.
विरघळेपर्यंत उभी होते.

इथून समुद्र जवळ, घाट उतरला की झालं.
पण आमचं पाणी त्याच्याकडे पाठ करून निघतं,
रुई, इचलकरंजी, माझं शिरोळ,
वाडीला कृष्णेत,
मग भाषा बदलत बदलत पार तिकडच्या समुद्राला.
तिथंही असेल कुणी
भल्या पहाटे गुडघाभर पाण्यात,
बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून.
तिच्या हातालाही कोमट लागत असेल का,
की एवढ्या लांब जाईस्तोवर
पाणी आपलं मूळ विसरतं?
पाणी विसरत असेल. त्यातले जीव शिकलेलं विसरत नाहीत,
भेटेल त्याला शिकवत जातात,
फी न घेता.

आज पुन्हा नाल्यावर.
म्हशी ओल्या, काळ्या, झळझळीत.
दस्तगीरनं बादलीतून मान वर काढली.
"काय घावलं शेवटी?"
"सहा," मी म्हणाले.
"सहाच?" तो हसला.
"मग बरं हाय की."