पाहता आले नाही

हर्णैच्या बंदरावरून चढ, तिसरं वळण.
गेटवर कुत्रा. माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न नेहमी हाच:
चावतो का?
दुसरा मालकाचा असतो: किती वेळ लागेल?
मी म्हणते, घर सांगेल.

शिडी, टॉर्च, ओल मोजायचं यंत्र,
लाकडी मुठीची छोटी हातोडी.
घेणारे हसबनीस, पुण्याचे. फोनवरूनच घेतायत.
त्यांना अजून एवढंच माहीत आहे
की गच्चीतून समुद्र दिसतो.

विकणारे जैनुद्दीन पारकर, तीस वर्षं कुवेतला.
दर मोठ्या सुट्टीला एक खोली वाढवलेली.
त्यामुळे घराला पाच वयं आहेत
आणि नकाशा एकही नाही.
जिन्याखालच्या खोलीला कुलूप.
"किल्ली भावाकडे. भाऊ बहरीनला."
अशा खोल्यांसाठी माझ्याकडे तीन शब्द असतात:
पाहता आले नाही.

भिंतींचा रंग ताजा.
मे महिन्यात रंगवलेलं घर
मी आधी हुंगते, मग बघते.
ठक. ठक. ठक.
भद्द.
इथे गिलाव्यामागे सळई फुगली आहे.
स्लॅब कधीचा? अठ्ठ्याण्णवचा.
रेती कुठली?
पारकर समुद्राकडे बघतात.
"तेव्हा सगळेच आणायचे."
मला ठाऊक आहे. माझे वडीलही आणायचे,
रात्री, होडीतून, विडी विझवून.
मीठ घाई करत नाही.

अर्थिंगची तार जाते कुठे, बघत गेले,
तर परसातल्या पेरूच्या बुंध्याला बांधलेली.
विहिरीपासून शौचखड्डा चौदा पावलं,
आणि माझी पावलं लहान आहेत.
वादळानंतर बसवलेले पत्रे बारा,
त्यातल्या नऊंना हुक.
शिडीवर असतानाच हसबनीसांचा फोन:
"एकच विचारतो. तुम्ही असता तर घेतलं असतं का?"
प्रत्येक जण एकच विचारतो, आणि हेच.
माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.
मी म्हटलं, आवाज तुटतोय.

पारकर नमाजाला गेले
तेव्हा त्यांची बहीण माजघरात आली, सफूरा.
इतका वेळ ती भांडी लावत होती, तीच तीच.
तिनं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.
मागे भेग, खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट छतापर्यंत.
"ह्ये पन लिवा."
मग मला माळ्यावर नेलं. वाशावर बोट दाबलं,
बोट पेरापर्यंत आत गेलं: वाळवी.
मग घमेलं कुठे ठेवते ते, श्रावणात एक, भाद्रपदात दोन.
मग ती खिडकी, जी वादळापासून लागत नाही
आणि तिला ती कशी लावते, खांद्यानं, जरा उचलून.
माझं यंत्र अठ्ठावीस टक्के म्हणालं.
ती म्हणाली, "दुपारी कमी दावतं. पहाटे या."
इतकं नीट घर मला कुणी दाखवलं नव्हतं.
मी लिहीत होते. पान उलटलं, लिहीत होते.
ती वहीत डोकावली.
अक्षरं तिला लागत नसावीत, ओळी मोजत होती.
"आता नाय ना घेनार ते?"

पेन थांबलं.
काय सांगू बाई तुला.
याहून लांब याद्या मी दिल्या आहेत.
माझ्या यादीनं घरं वाचत नाहीत.
दोन लाखांनी स्वस्त होतात.
हे मी म्हटलं नाही.
म्हटलं, कॅलेंडर परत लावा.
ते तिनं लावलं, सरळ केलं,
महिना चुकीचा होता, तोही उलटला.

निघताना पारकर गेटपर्यंत आले.
"फार काय निघालं नसेल ना?"
तिसरा नेहमीचा प्रश्न.
सफूरा पायरीवर उभी होती,
ओढणीच्या टोकाला गाठ, गाठीतून
किल्लीचं पितळी नाक बाहेर आलेलं.
मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनं पाहिलं.
कुत्रा भुंकला नाही.

वळणावर स्कूटर लावली,
गुडघ्यावर वही धरून शेवटचं कलम भरलं.
जिन्याखालची खोली:
पाहता आले नाही.