डावीकडचं शून्य

रोसारियोच्या वाचनालयात, तळघरातल्या खोलीत
दर मंगळवारी आम्ही सातजण कॉम्प्युटर शिकतो.
सगळ्यांची वयं मिळवली तर पाचशेच्या पुढे जातात,
मास्तरीणबाई सोडून.
आइलेन चोवीस वर्षांची आहे
आणि आमच्या चुकांना ती "छान" म्हणते.

आजचा धडा : आकडा उलटा वाचला तरी तोच राहतो का, ते तपासणे.
याला आमच्याकडे कापिकूआ म्हणतात. डोकं नि शेपूट.
हे आइलेनला मीच सांगितलं.
तिने कागदी तिकिटं पाहिलेलीच नाहीत.

एकतीस वर्षं मी बस चालवली.
एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने गुंडाळीवरचं तिकीट फाडायचं,
सुट्टे पैसे कुठल्या हाताने द्यायचो
ते आज आठवत नाही.
कापिकूआ मिळालं की माणसं ते पाकिटात जपत,
परीक्षेला नेत, इस्पितळात उशीखाली ठेवत.
आणि मला गुंडाळीवर पुढचा आकडा दिसायचा.
नशीब कुठल्या स्टॉपवर चढणार
हे मला एक स्टॉप आधी ठाऊक असे.

असो. प्रोग्राम.
आकड्याला दहाने भागायचं. बाकी उरते ती शेपटी.
ती नव्या आकड्यात बसवायची,
पण आधी नव्याला दहाने गुणून जागा करायची,
म्हणजे आम्ही ओरडायचो तसंच : मागे सरका, मागे सरका.
इकडे मूळ आकडा एकेक अंकाने झिजतो.
शून्य झाला की थांबायचं.

मी टाकलं ४८२८४.
मशीन म्हणालं : नाही.
११.
नाही.
शेजारच्या देल्फिनाबाई हसल्या, त्यांचंही तेच झालं होतं.
"दोन इलारिओ," आइलेन वाकून म्हणाली,
"उलटा आकडा छान आलाय. पण ताडून कशाशी बघताय?
मूळ तर तुम्ही खाऊन संपवलंत.
सुरुवातीलाच एक प्रत बाजूला ठेवायची."
पुढचं पाठ, मागचं सपाट.
एक ओळ वाढवली. ४८२८४.
हो.

मग मी खिशातून सिगारेटचा पत्र्याचा डबा काढला.
ओफेलियाचं तिकीट : ०७१७०.
नाही.
पुन्हा टाकलं. नाही.
आइलेनने स्क्रीनकडे बघितलं, मग तिकिटाकडे.
"आकड्याच्या डावीकडचं शून्य मशीन टाकून देतं.
त्याला किंमत नसते ना. ते वाचतंय ७१७०,
उलटं केलं की उरतात ७१७."

किंमत नसते.
जुलैतली सकाळ, पारानावरून बोचरं वारं,
स्टॉपवर दोनच माणसं : एक हवालदार
आणि त्याच्यामागे ती, हातात शिवणयंत्राचा पाय.
गुंडाळीवर पुढचा आकडा ०७१६८.
हवालदाराला ०७१६८, तिला मग ०७१६९,
आणि त्या तीन अंकांपलीकडे नशीब
रिकाम्या रस्त्यावर कुणाची तरी वाट बघत बसलं असतं.
मी ०७१६९ फाडलं, स्वतःच्या खिशातले पैसे टाकले
आणि ते टोपीत खुपसलं.
तिला मिळालं ०७१७०.
बघून ती केवढ्याने ओरडली. हवालदार दचकला.

पुढे एकोणचाळीस वर्षं
ती आल्यागेल्याला सांगायची, आमची गाठ आकड्यांनी घातली.
मी मान डोलवायचो.

"आकडा म्हणून नको वाचू दे," आइलेन म्हणाली.
"अक्षरं म्हणून वाचू दे, मग शून्य कुठे जात नाही."
तिने दोन शब्द बदलले.
०७१७०.
हो.
आमच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, देल्फिनाबाईंनी जरा जास्तच.

सगळे माते प्यायला वर गेल्यावर
मी डब्याच्या तळाचा कागद उचकटला
आणि खालचं तिकीट काढलं.
एकेक अंक दाबला. ०, ७, १, ६, ९.
मशीन म्हणालं : नाही.

बरोबर आहे.