उकर्डा

दिवा लावायचा दिवेलागणीच्या आधी,
असं दवाखान्यातल्या कागदावर लिहिलंय.
बारा व्होल्टचा बल्ब, खाली इवलासा पंखा,
त्याखाली जाळी, जाळीखाली स्पिरिटची बाटली.
मी तो बाभळीच्या फांदीला टांगते,
मेंढीच्या पाठीइतक्या उंचीवर.
उकर्डाबुवा बाजेवरून पाहतात.
"चिलटाईले लाइट देते सरकार," म्हणतात,
"अन् माह्यी डीपी जळून महिना झाला."

अश्विनातली अडाण नदी. वारा पडलेला.
वारा असला की ती येत नाहीत,
धोतराचा सोगा हलला तरी भरकटतील इतकी हलकी.
पण आज पान हालत नाही,
आणि खुरांच्या ठशांत अजून पाणी आहे.

डासाकडे सुई असते.
हिच्याकडे सुई नाही, हिच्याकडे करवत आहे.
कातडीवर बसते, पातं पुढे-मागे, पुढे-मागे,
मग खाली रक्त साचतं,
तिळावर मावेल एवढ्याशा खळग्यात,
आणि ती काठावर तोंड लावून पिते,
जशी गाय झिऱ्यावर पिते.
लोकरीत शिरत नाही. उघडं शोधते:
कानाची पाळी, पापणीची कड,
कास,
नाकपुडीजवळचं ओलं.
नर कुठे असतो? फुलांवर.
त्याला अंडी घालायची नसतात.

पहिल्या पिण्यात ती फक्त घेते.
मग सावलीला बसते, जड होऊन.
चिखलात अंडी टाकते. पुन्हा भूक लागते.
दुसऱ्या मेंढीशी पोहोचेपर्यंत
पहिलीचं उसनं तिच्या थुंकीत उतरलेलं असतं.

बांडीचे ओठ सुजलेत. जीभ जांभळाच्या डागासारखी.
खुरांच्या वर लाल कड, चालताना पाय उचलून धरते.
बुवांची सून चंद्रकला
ज्वारीची आंबील बोटाने तिच्या गालात सोडते,
अर्धी बाहेर येते, ती पुन्हा सोडते.
धुऱ्यापलीकडे ढोकण्यांची गाय रवंथ करतेय,
तिच्याही रक्तात तेच आहे.
तिला काही होत नाही.
कोणी तिला सांगूही शकत नाही.

आता मला बुवांना सांगायचंय ते असं,
की मागच्या महिन्यात मी तुमच्या उकर्ड्याच्या पायथ्याचा
ओला चिखल डब्यात नेला होता,
वर मलमल बांधली होती,
आणि अकराव्या दिवशी मलमल आतून काळी झाली.

हे कसं सांगू?
चार भाऊ पाळण्यातच गेले त्यांचे.
पाचव्याला मायनं सुपात घेतलं,
शेणकुडाच्या ढिगावर नेऊन लोळवलं,
तिथंच नाव ठेवलं,
मरणाला किळस यावी म्हणून.
मरणाला आली. एकाहत्तर वर्षं झाली.

सांगते. बाटलीकडे बघत सांगते.
बुवा बराच वेळ बोलत नाहीत.
कडुनिंबाचा पाला आगीत टाकतात,
धूर मेंढ्यांच्या पाठीवरून सरकतो,
एक शिंकते.
"आमच्या मायनं," म्हणतात,
"दरसाल दिवाळीले तिथं पणती ठेवली.
म्या बी ठेवली. एक खाडा नाही."
मग काठीने राख सारतात.
"उचलू. पोराईले सांगतो.
बरडावर खड्डा करू, झाकून ठेवू.
पन ढीग मोठा हाय, चार-आठ रोज लागतीन."

माझ्या मनगटावर सात फोड आलेत. खाजवत नाही.
बल्बाभोवती धुळीसारखं काहीतरी फिरतंय,
ते धूळ नाही.

बुवा उठतात, गुडघ्यावर हात देऊन,
फांदीवरून माझा दिवा काढतात,
वायर सांभाळत, पाजळलेला दिवा न्यावा तसा,
ढिगाकडे चालू लागतात.
"दिवाळीले अकरा दिवस हायेत," म्हणतात.
"तोवर तुहा लाव."